मामाने लिहिलेला साप नव्या लॅपटॉपवर दिसायच्या आत मरतो. खरा वेग कसा शोधू?

मुगभाटकर

नमस्कार मंडळी. प्रश्न गेमचा आहे, पण तो गेम इथे कोणीच खेळलेलं नसणार, म्हणून आधी जरा मागचं सांगते.

माझा मामा गिरगावात, मुगभाट लेनमधल्या चाळीत राहायचा. १९८९ च्या दिवाळीत त्याने लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग जोडून घेऊन एक पीसी घरी आणला. एक्सटी, आत ८०८८ प्रोसेसर, हार्ड डिस्क नाही, सव्वापाच इंची फ्लॉपीचे दोन ड्राइव्ह, हिरव्या अक्षरांचा मॉनिटर. मामीच्या शिवणाच्या मशिनवर फळी टाकून तो मांडलेला असे. मामीला ब्लाउज शिवायचा असला की आम्ही चौघं मिळून कॉम्प्युटर खाली उतरवायचो. मामा दिवसा नोकरी करायचा आणि रात्री जेवणं झाली की पुस्तक समोर ठेवून जीडब्ल्यू-बेसिक ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकायचा. त्यातून त्याने आम्हा भाचरांसाठी सापाचा गेम लिहिला. चौकटीत साप फिरतो, फळ खाल्लं की १० गुण आणि शेपूट एका घराने वाढते, भिंतीला किंवा स्वतःला धडकला की खेळ संपला. मे महिन्याची सुट्टी म्हणजे आमच्यासाठी मामाचा साप.

गुणांची एक वही होती. दोनशे पानी, पुठ्ठ्याचं कव्हर. तारीख, नाव, गुण, सगळं मामाच्या हाताने लिहिलेलं. मामा सहा वर्षांपूर्वी गेला. गेल्या महिन्यात मामीने घर आवरताना ती वही मला दिली, आणि मामेभावाने कधीकाळी फ्लॉपीवरून सीडीवर उतरवून ठेवलेली गेमची फाइलही मिळाली. वहीत १७ मे १९९१ ला माझे ६४० गुण आहेत. मी तेव्हा बारा वर्षांची होते. माझी मुलगी आज बरोबर बारा वर्षांची आहे आणि तिला हा विक्रम मोडायचाय.

लॅपटॉपवर डॉसबॉक्स (जुन्या पीसीचे प्रोग्राम नव्या मशिनवर चालवणारा प्रोग्राम) टाकलं, जीडब्ल्यू-बेसिक उघडलं, गेम सुरू झाला. चौकट आली, मामाने लिहिलेलं 'चला, तयार?' आलं, मी एंटर दाबलं आणि खेळ संपला. पुन्हा दाबलं, पुन्हा संपला. साप या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सेकंदाच्या आत पोचतो. मुलगी म्हणाली, "आई, मामाआजोबांनी हा माणसांसाठी केला होता ना?"

माझे प्रश्न तीन.

एक, असं का होतं? प्रोग्राम तोच आहे, एक अक्षर बदललेलं नाही.

दोन, तेव्हाचा नेमका वेग कसा शोधायचा? 'बरा वाटेल तेवढा हळू' मला नकोय. मुलीचे गुण त्याच वहीत, माझ्या नावाखाली लिहायचेत. मग खेळही तोच असायला हवा.

तीन, वहीत काही गुणांपुढे बारीक 'ट' लिहिलाय आणि काहींपुढे नाही. माझ्या ६४० पुढे नाही. मामाच्या स्वतःच्या ४१० पुढे आहे. मामेभावाला आठवत नाही. कोणाला काही सुचतंय का?

सोल्डरगन

ताई, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो वाचल्यावर मी खुर्चीत सरळ झालो. 'ट' म्हणजे टर्बो.

मी १९८८ पासून पंधरा वर्षं लॅमिंग्टन रोडवर मशिनं जोडली आणि दुरुस्त केली. तुमच्या मामांचं मशिन ज्या काळातलं, त्या काळच्या बहुतेक एक्सटीच्या डब्याला पुढे तीन बटणं असत: चालू-बंदचं, रीसेटचं आणि टर्बोचं. टर्बो बाहेर असला की प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा, दाबला की ८ किंवा १० वर. गिऱ्हाईक विचारायचं, "वेगाने चालणारं मशिन मुद्दाम हळू करायला बटण कशाला?" उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. १९८१ चा आयबीएम पीसी ४.७७ वर चालायचा आणि सुरुवातीचे कितीतरी गेम तेवढाच वेग धरून लिहिलेले. नव्या मशिनवर ते सुसाट सुटायचे. बटण त्यांच्यासाठी होतं.

आता पहिला प्रश्न. तुमच्या मामांच्या प्रोग्राममध्ये कुठेतरी अशी ओळ सापडेल: फॉर आय बरोबर १ टू अमुक, आणि लगेच नेक्स्ट. हीच मोकळी फेरी: मध्ये काहीच काम नाही, मशिनने नुसते आकडे मोजायचे, तेवढाच वेळ जातो. हे म्हणजे लपंडावात डोळे झाकून शंभरपर्यंत आकडे म्हणण्यासारखं. ज्याच्यावर राज्य आलंय तो सावकाश म्हणणारा असेल तर बाकीचे जिन्याखाली, गच्चीवर, कुठेही लपू शकतात. भरभर म्हणणारा आला की कोणी दाराबाहेरही पोचत नाही. नियम तोच, शंभर. ८०८८ सावकाश म्हणायचा.

मशिनमध्ये घड्याळ नव्हतं असं नाही, ही यातली खरी गंमत आहे. पीसीच्या बोर्डावर १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एक स्फटिक असायचा. त्याला ३ ने भागलं की ४.७७, म्हणजे प्रोसेसरचा वेग. १२ ने भागलं की १.१९३१८२, आणि तो ठोका जायचा टायमर नावाच्या वेगळ्या चिपला. ही चिप सेकंदाला साधारण १८.२ वेळा प्रोसेसरला टिचकी मारते आणि स्पीकरचा सूरही तीच ठरवते. टर्बो दाबा, नवा प्रोसेसर बसवा, टायमर आपल्या चालीने चालतो. ज्याने गेममध्ये या टायमरकडे बघून पाऊल टाकलं त्याचा गेम कुठल्याही मशिनवर सारखा चालला. ज्याने प्रोसेसरलाच आकडे मोजायला लावले त्याचा गेम मशिनगणिक बदलला. घरी शिकणारे जवळजवळ सगळे दुसरा मार्ग धरायचे, कारण पुस्तकांत तोच दिलेला असे आणि समोर मशिनही एकच असे. मामांचं काहीही चुकलेलं नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी माहिती हवी. प्रोग्रामची यादी काढा आणि सांगा: मोकळी फेरी किती आकड्यांची आहे, आवाज कुठे काढलाय आणि कसा. टर्बो ८ चा होता की १० चा तेही आठवतंय का बघा. डब्यावर वेगाचे लाल आकडे उमटत असतील तर त्यांच्यावर विसंबू नका. ते आकडे काही मोजत नसत. आम्हीच मागच्या बारीक जंपरनी हवा तो आकडा लावून द्यायचो.

आणि एक विचारतो. त्या काळातलं काही ध्वनिमुद्रण आहे का घरात? मागे गेम चालू असलेलं?

मुलुंड_लोकल

काका म्हणतायत ते फक्त जुन्या काळापुरतं नाही, एवढंच सांगायला लिहितोय.

शाळेत असताना सायबर कॅफेत जीटीए सॅन अँड्रियास हा गेम खेळायचो. मागच्या वर्षी नव्या लॅपटॉपवर परत घेतला, आणि सेटिंगमध्ये 'फ्रेम लिमिटर' (सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम, दाखवायच्या त्याची मर्यादा) दिसला तो बंद केला. चित्र कसलं लोण्यासारखं झालं! मग ती कामगिरी आली ज्यात रात्री पोहत पोहत जहाजावर जायचं असतं. गेमचा नायक सीजे हातपाय मारतोय, मारतोय, आणि पुढेच सरकत नाही. मी तासभर बटणं बडवली. की-बोर्ड खराब झाला म्हणून दुसरा जोडून पाहिला. शेवटी कळलं की त्या गेमचं पोहणं फ्रेमशी बांधलेलं आहे, लिमिटर काढला की पोहणं मंदावतं. लिमिटर लावला आणि पहिल्या झटक्यात जहाजावर पोचलो.

म्हणजे बघा, मशिन वेगवान झालं आणि माणूस हळू झाला. मामांच्या सापाच्या बरोब्बर उलट.

असंच डार्क सोल्स २ मध्ये झालं होतं. पीसीवर ३० ऐवजी ६० फ्रेम मिळाल्या आणि तलवारी दुप्पट वेगाने झिजायला लागल्या. पुढे ते दुरुस्त झालं. नीड फॉर स्पीड रायव्हल्स हा २०१३ चा गेम ३० फ्रेमला बांधलेला, लोकांनी जबरदस्तीने ६० केल्या तर अख्खी शर्यतच दुप्पट वेगाने पळायला लागली.

ताई, डॉसबॉक्समध्ये कंट्रोल धरून एफ ११ दाबलं की वेग कमी होतो, एफ १२ ने वाढतो. मुलीला सोसेल तिथे थांबवा आणि खेळू द्या. मजा महत्त्वाची.

लॅबजर्नल

मी १९९९ मध्ये डिप्लोमाला होते. कॉलेजच्या लॅबमध्ये ४८६ मशिनं, घरी भावाने नुकताच आणलेला पेंटियम २. प्रोजेक्ट टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या भाषेत (त्या टर्बो बटणाशी संबंध नाही), त्यात एक छोटा चेंडू-फळीचा गेम. लॅबमध्ये मस्त चालायचा. घरी डबल क्लिक केलं की पडद्यावर एकच ओळ: रनटाइम एरर २००, शून्याने भागाकार. मी अख्खा प्रोग्राम तीनदा तपासला. भागाकाराचं चिन्हच नव्हतं त्यात कुठे!

खूप नंतर समजलं. टर्बो पास्कलमध्ये 'सीआरटी' म्हणून तयार भाग असतो, तो सुरुवातीलाच मशिनचा वेग मापतो. टायमरच्या एका टिचकीत, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, मोकळी फेरी किती वेळा फिरते ते मोजतो आणि त्याला ५५ ने भागतो. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५५३५ पर्यंत, मावेल असं लिहिणाऱ्यांनी धरलं होतं. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या मशिनांवर ते मावेना. प्रोसेसर म्हणायचा भागाकार जमत नाही, आणि पडद्यावर यायचं शून्याने भागाकार. म्हणजे ज्यांनी काळजी घेतली, वेग मोजून घेतला, तेही अडकले. त्यांना वाटलं नसणार की मशिनं इतकी पुढे जातील.

हे आठवलं की मला आजही त्या रात्रीचं रडू आठवतं. दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं. मुगभाटकर, तुमच्या मामांचा गेम निदान उघडतोय. ते काही कमी नाही.

कॅरमबोर्ड

मला मुलुंड_लोकल यांचं पटतं, पण कारण वेगळं आहे. 'मूळ वेग' ही गोष्ट आपण समजतो तेवढी पक्की नसते.

स्पेस इनव्हेडर्स घ्या, १९७८. तोमोहिरो निशिकादो यांनी इंटेल ८०८० वर केलेला, २ मेगाहर्ट्झ. पडद्यावर ५५ परग्रहवासी, ११ च्या ५ रांगा. त्या मशिनला सगळ्यांना एकदम हलवणं झेपत नव्हतं, म्हणून पडद्यावरच्या दर नव्या चित्राला एकेकाला सरकवलं जायचं. ५५ असताना पूर्ण रांगांची एक चाल व्हायला जवळजवळ सेकंद लागे. आपण मारत गेलो की उरलेल्यांची पाळी लवकर यायची. शेवटचा एकटा उरला की तो वेड्यासारखा पळायचा. निशिकादोंनी हे पाहिलं आणि तसंच ठेवलं. शेवटी शेवटी छातीत जी धडधड होते, ती मशिनच्या दमछाकीतून आलेली आहे. वेगवान मशिनवर 'सगळे एकदम हलवा' असं कोणी लिहिलं तर तो खेळच राहणार नाही.

दुसरं. सुपर निन्टेन्डोवरचा ग्रॅडियस ३. पडद्यावर गोळ्यांची गर्दी झाली की मशिनला धाप लागायची आणि सगळं संथ व्हायचं. खेळणाऱ्यांनी त्या संथपणाचा आधार घेऊनच गोळ्यांच्या फटीतून निसटायची सवय केलेली. २०१९ मध्ये ब्राझीलच्या एका प्रोग्रामरने तोच गेम एसए-१ या वेगवान जोडचिपवर चालेल असा केला. संथपणा गेला, आणि गेम कितीतरी अवघड झाला. कुठला खरा?

आणि आपल्या घरचं. लहानपणी टीव्हीला जोडून कॅसेट घालून जे गेम खेळायचो, ते बहुतेक जपान-अमेरिकेच्या ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या टीव्हीसाठी लिहिलेले. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, ५० हर्ट्झ. पडद्यावरच्या दर नव्या चित्रागणिक पाऊल टाकणारा गेम ५० वर गेला की सहा भागांतला एक भाग वेग गमावतो. मी आज तेच गेम एम्युलेटरवर (जुन्या मशिनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) ६० ने खेळतो तेव्हा मला ते घाईघाईचे वाटतात, आणि जपानमधल्या माझ्या वयाच्या माणसाला तेच सहज वाटणार. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

म्हणून म्हणतो, मुलीला तिचा वेग ठरवू द्या.

मुगभाटकर

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅरमबोर्ड, तुमचा मुद्दा दोन दिवस डोक्यात घोळला. खरं आहे, जगाच्या दृष्टीने मामाच्या सापाला कुठलाच मूळ वेग नाही. पण त्या वहीला आहे. वहीतला प्रत्येक आकडा एकाच मशिनसमोर बसून मिळवलेला आहे. मुलीला हळू साप देऊन ७०० करायला लावले तर ते तिला कळणार नाही, मला कळेल. आणि ती मोठी झाल्यावर तिलाही कळेल.

सोल्डरगनकाका, प्रोग्रामची यादी काढली. ३४० क्रमांकाच्या ओळीत मोकळी फेरी आहे, १ ते १००. आवाज दोन ठिकाणी. फळ खाल्लं की साउंड ४४०, २. आणि सापाच्या प्रत्येक पावलाला आउट ९७ असं काहीतरी, ज्याने नुसती 'टिक' होते. चौकट ४० घरांची, भिंती सोडून आत ३८.

तुम्ही ध्वनिमुद्रणाचं विचारलंत आणि मला एकदम आठवलं. १९९१ च्या गणेशोत्सवात चाळीच्या कार्यक्रमात माझं पाठांतर होतं. सराव व्हावा म्हणून मामाने ते टेपरेकॉर्डरवर घेतलं होतं. खोली एक, माणसं सात. मी एका कोपऱ्यात म्हणत होते आणि मामेभाऊ दुसऱ्या कोपऱ्यात खेळत होता. कॅसेट आईच्या कपाटात मिळाली. आता ज्यांचा टेप अजून चालतो अशा शेजाऱ्यांकडे जाऊन बघते.

सोल्डरगन

ताई, कॅसेट मिळाली तर तुमचं काम झालंच म्हणून समजा.

आउट ९७ ही ओळ स्पीकरचा पडदा थेट आत-बाहेर ढकलते, तिथे टायमरचा संबंध नाही. म्हणजे टिकटिक प्रोसेसरच्या चालीने, साप जेवढा भरभर तेवढी टिकटिक भरभर. पण साउंड ४४० चा सूर टायमर चिप ठरवते. तो टर्बोतही ४४० आणि टर्बोशिवायही ४४०.

याचा उपयोग कसा ते सांगतो. जुने टेपरेकॉर्डर कधी सावकाश चालतात, कधी भरभर. आधी फळ खाल्ल्याचा सूर शोधा आणि तो किती हर्ट्झ भरतोय ते मोबाइलच्या ट्यूनर अ‍ॅपवर मोजा. बरोबर ४४० आला तर टेप खरा चालतोय. जास्त आला तर टेप तेवढ्या पट भरभर चालतोय. मग टिकटिक मोजा आणि तेवढ्या पटीने भागा.

मुगभाटकर

झालं! सविस्तर लिहिते, कारण इथल्या प्रत्येकाचा यात हात आहे.

टेप शेजारच्या आजोबांकडे मिळाला. मुलीने मोबाइलवर कॅसेट रेकॉर्ड करून घेतली आणि लॅपटॉपवर ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये उघडली. आधी माझाच आवाज. बारा वर्षांची मी, 'ळ' नीट म्हणता येत नव्हता, मामा मध्येच थांबवून "ळ, ळ, बाळ, फळ" असं म्हणून घेतोय. आणि मागे, अगदी बारीक, टिक टिक टिक. मला इतक्या वर्षांत ती टिकटिक आठवलीही नव्हती, आणि ऐकल्याबरोबर बोटं आपोआप बाणांच्या बटणांवर असल्यासारखी हलली.

आधी सूर. मी हार्मोनिअम वाजवते, त्यामुळे ४४० म्हणजे पांढरी सहा हे माहीत होतं. फळ खाल्ल्याचा सूर पेटीवर लावून बघितला तर पांढरी सहाच्या थोडा वर, काळी पाचपर्यंत न पोचणारा. अ‍ॅपवर ४५२ आला. म्हणजे आजोबांचा टेप शेकड्याला पावणेतीनच्या आसपास भरभर चालतोय.

मग टिकटिक. ऑडॅसिटीत प्रत्येक टिक म्हणजे एक बारीक उभा काटा दिसतो. आम्ही दोघींनी पडद्यावर बोट ठेवून मोजले. २०० काटे, ४१ सेकंद. टेपची चूक काढली की ४२.१ सेकंद. म्हणजे साप सेकंदाला ४.७५ घरं चालत होता.

इथपर्यंत आल्यावर मी घाबरले. ही चाल टर्बोची की साधी? ते नाही कळलं तर सगळं मुसळ केरात. मुलगी म्हणाली, पुढे ऐकू. माझं पाठांतर संपलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आणि मग मामाचा आवाज, टेपच्या अगदी जवळून: "झालं हिचं. आता लाव टर्बो." खट्. आणि टिकटिक एकदम दुप्पट.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. पुढचे १०० काटे मोजले, ९.८ सेकंद. आधीचे १०० होते २०.५ सेकंदांत. भागाकार २.०९. काका, ४.७७ वरून १० वर गेलं तर किती पट होतं हे मुलीने कॅल्क्युलेटरवर काढलं: २.०९६. टर्बो १० चाच होता. माझं पाठांतर चालू असताना आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून मामाने टर्बो काढायला लावला असणार. फडफडणारी टिकटिक खरंच कानात घुसते.

वही पुन्हा उघडली. 'ट' असलेले गुण मामाचे, थोरल्या मामेभावाचे आणि १९९२ नंतर माझ्या भावाचे. माझ्या नावापुढे एकदाही 'ट' नाही. म्हणजे माझे ६४० हळू सापावरचे. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी मामाला हरवलं. मामाचे ४१० दुप्पट वेगाच्या सापावरचे आहेत. आम्ही लहान पोरांना खेळात घ्यायचं तर 'कच्चं लिंबू' करायचो, बाद झालं तरी बाद नाही. मामाने ते केलं नाही. साप हळू केला, गुण खरे लिहिले, आणि स्वतःच्या गुणांपुढे 'ट' काढून दोन्ही वेगळे ठेवले. कोणाला बोलून काही दाखवलं नाही.

आता डॉसबॉक्स. मामाच्या प्रोग्रामला हात लावायचा नव्हता, त्यामुळे वेग बाहेरूनच बदलला. ३८ घरं सेकंदाला ४.७५ ने म्हणजे बरोबर ८ सेकंद. साप भिंतीपासून भिंतीपर्यंत सरळ सोडायचा आणि मोबाइलवर वेळ लावायची. डॉसबॉक्स सुरुवातीला ३००० सायकल्सवर होतं (सायकल्स म्हणजे त्यातला वेगाचा आकडा). एफ ११ ने दर वेळी २० टक्के कमी होतात, ते शेवटी शेवटी फार मोठं पाऊल पडतं, म्हणून कॉन्फ फाइलमध्ये (डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) आकडा लिहून लिहून बघितला. ३२० ला सव्वासात सेकंद, २७० ला साडेआठच्या वर. २९० ला आठ. पाच वेळा लावून बघितलं, आठच.

मग मी आधी खेळले. साप पहिल्या वळणाला आला आणि मला कळलं की हाच. किती आधी बटण दाबायचं ते बोटांना माहीत होतं. ३८० झाले.

मुलीने शनिवारी दुपारी चार डाव खेळले. शेवटच्या डावात २७०. मामीला फोन करून विचारलं, वहीत आम्ही लिहिलं तर चालेल का. ती म्हणाली, "पेन निळं वापरा, त्याचं निळंच होतं." तारीख, नाव, २७०. पुढे काही नाही.

काका, आता ती म्हणते तिला मामाआजोबांच्या ४१० शी खेळायचंय, म्हणजे 'ट' लावून. सायकल्स सरळ २.०९ ने गुणू, की पुन्हा वेळ लावूनच ठरवू?

सोल्डरगन

वेळ लावूनच. ६०० च्या आसपासून सुरू करा. ३८ घरांना ३.८ सेकंद आले की थांबा.

आणि ताई, ती कॅसेट परत परत वाजवू नका. एकदा चांगल्या टेपवर नीट उतरवून घ्या. पट्टी चिकटत असेल तर ग्रँट रोडला माझ्या ओळखीचे एक जण अजून हे काम करतात, मला निरोप पाठवा.

मुलुंड_लोकल

ताई, तो गेम इथे टाकाल का? मलाही 'ट' शिवाय सुरू करायचाय. २९० वर.